खांद्याचं कारण

गिऱ्हाइकं तिला टेपताई म्हणत. गळ्यात टेप नसलेली ती कुणी पाहिलीच नव्हती. एकदा दातांच्या डॉक्टरकडेही ती तशीच गेली होती आणि खुर्चीत आडवी झाल्यावर डॉक्टरनेच हसत हसत टेप काढून बाजूला ठेवली होती. रस्त्याला लागून असलेली पुढची खोली म्हणजे तिचं दुकान आणि मागची म्हणजे घर. नवे कपडे ती शिवत नसे. विकत घेतलेले कपडे माणसाच्या मापाचे करून द्यायचे, एवढंच काम. कुणाच्या पँटची लांबी कमी करायची, कुणाच्या कोटाच्या बाह्या आत घ्यायच्या, कुणी जाड झालं की शिवणीत राखलेलं जादा कापड, म्हणजे माया, सोडायची. "कपड्याला दोष देऊ नका, तो आहे तेवढाच आहे," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची आणि गिऱ्हाईक हसत हसत पोट आत ओढायचं.

वय चौपन्न. लग्न केलं नव्हतं. वडील लवकर गेले, धाकटा भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि तिकडचाच झाला. आई तिच्याजवळ राहिली. आईची शेवटची सहा वर्षं अंथरुणातच गेली. तिला उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं, न्हाऊ घालणं हे सगळं टेपताईने एकटीने केलं. उजवा हात आईच्या काखेत घालायचा, डावा कमरेखाली आणि "एक, दोन, तीन" म्हणायचं. आईला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

खांद्याचं दुखणं सुरू झालं ते अगदी साध्या गोष्टीवरून. तयार झालेला एक कोट वरच्या दांड्यावर अडकवायला तिने हात उंचावला आणि उजव्या खांद्यातून अशी कळ गेली, की कोट हातातून सुटून खाली पडला. लचक भरली असेल म्हणून तिने मलम चोळलं. आठ दिवसांनीही तेच. महिन्याभराने त्या कुशीवर झोपणंच बंद झालं. मागच्या गल्लीत एक मालीशवाली होती. तिने खांदा चाचपला, "गाठ आहे, सोडवते," म्हणाली आणि हात धरून असा काही ओढला, की टेपताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढचे तीन दिवस तिला कात्री धरता आली नाही. त्यानंतर दुखणं हळूहळू जरा उतरलं, पण हात अडला. समोरून तो छातीच्या वर जाईना. मागे तर कमरेच्या बाजूलाच थांबे, जणू तिथे कुणी कडी लावली होती.

केस ती डाव्या हाताने विंचरायला शिकली. अडचण आली ती कपड्यांची. तिच्या चारही ड्रेसना पाठीवर झिप होती. एका रविवारी सकाळी तिने चारही ड्रेस उसवले, पाठ शिवून बंद केली, पुढे पट्टी लावून काजं केली आणि बटणं टाकली. काम सफाईदार झालं होतं. ड्रेस घडी करून खुर्चीवर ठेवताना तिच्या मनात आलं, की घरात दुसरं माणूस असतं तर एवढी शिलाई करावीच लागली नसती. "जरा झिप लाव गं," एवढं म्हटलं की झालं असतं.

नेमका त्याच वेळी भावाचा फोन आला. तो दर रविवारी अकराच्या सुमाराला यायचा. भावाला घरात टिल्लू म्हणत, कारण लहानपणी तो वयाच्या मानाने फारच लहानखुरा होता. पुढे तो सहा फूट झाला, पण नाव तसंच चिकटलं. आता तो पन्नाशीला आला होता.

"काय ताई, कशी आहेस?"

"बरी आहे. तू?"

"बरा."

इथून पुढे एरवी हवापाणी, त्याच्या मुलीची परीक्षा, आणि "चल, ठेवतो." पण त्या दिवशी समोर ते चार ड्रेस होते.

"बरी कसली? खांदा गेलाय माझा," ती म्हणाली. "आईला उचलून उचलून."

पलीकडे टिल्लूने चालू टीव्हीचा आवाज बंद केला.

"कधीपासून?"

"झाले की पाच महिने. तू कधी विचारलंस?"

हे वाक्य तिने ठरवून म्हटलं नव्हतं. पण तोंडातून गेलं आणि तिला बरं वाटलं. सहा वर्षांत टिल्लू फार तर आठ-नऊ वेळा आला असेल, तोही दोन-दोन दिवस. एकदा त्याने आईला वळवायचा प्रयत्न केला होता. आई दुखून ओरडली. तेव्हापासून तो आला की खोलीच्या दारातच उभा राहायचा, चौकटीला टेकून, बुटांकडे बघत.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, संध्याकाळी सातला फोन वाजला. "शेकलंस का?" टिल्लूने विचारलं. मंगळवारी पुन्हा. मग रोजच. सुरुवातीला खांद्याचीच चौकशी असायची, पण रोज खांद्यावर किती बोलणार? तो ऑफिसातलं सांगायला लागला. नवा साहेब त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे आणि त्याला "काका" म्हणतो. मुलगी घरात कुणाशी बोलत नाही, पण कुत्र्याशी तासभर बोलते. टेपताई हसायची. तिच्याकडेही सांगण्यासारखं निघायचं. एक गृहस्थ वीस वर्षांपूर्वीचा लग्नातला कोट घेऊन आले होते आणि त्यात शिरायचंच म्हणून हटून बसले होते, वगैरे. सातच्या फोनसाठी ती पावणेसातलाच दुकानाचं दार लावायला लागली. एका गिऱ्हाइकाने विचारलंदेखील, "हल्ली लवकर बंद करता?"

"भावाचा फोन असतो," ती म्हणाली. हे सांगताना तिला किती छान वाटलं, ते तिचं तिलाच जाणवलं.

महिन्याभराने टिल्लू चार दिवसांची रजा काढून आला. पुढच्या खोलीत गादी घालून झोपला, पाय मशीनच्या खाली. त्याने कोटांचा वरचा दांडा काढून तिच्या कमरेच्या उंचीवर बसवला. माळ्यावरचे डबे खाली आणले. हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, पण ती मिळाली पुढच्या आठवड्यातली आणि त्याची रजा संपली. निघताना तो दारात उभा राहिला, पण आत तोंड करून.

"डॉक्टर काय म्हणतात ते मला सगळं सांगायचं," तो म्हणाला.

डॉक्टर वयस्कर होते, बोलायला मोकळे. त्यांनी आधी तिला हात उचलायला सांगितला. मग तिला सैल सोडायला सांगून स्वतः तिचा हात धरून वर नेला, बाहेर वळवला. दोन्ही वेळा हात एकाच जागी अडला. एक्स-रेमध्ये काहीच नव्हतं.

"हाड चांगलं आहे," ते म्हणाले. "याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. सांध्याभोवती एक पातळ वेष्टण असतं. ते सुजतं, दुखतं, आणि मग आखडून घट्ट होतं. हात जायला जागाच राहत नाही."

"म्हणजे मुंढा आटलाय," टेपताई म्हणाली.

"मुंढा?"

"बाही जोडतात ते भोक. धुऊन कापड आटलं आणि मुंढा आवळला, की हात वर केल्यावर नुसती बाही वर जात नाही. आख्खा कपडाच वर चढतो."

डॉक्टर हसले. "अगदी तेच. आता आरशात बघा. तुम्ही हात उचलताय, पण वर जातोय तो सगळा खांदा, कानापर्यंत." मग त्यांनी समजावलं. आधी दुखण्याचे महिने असतात, मग आखडण्याचे आणि मग सुटण्याचे. वर्ष, दीड वर्ष, कधी त्याहूनही जास्त. व्यायाम रोज करायचा, पण ओढाताण करायची नाही. त्या मालीशवालीकडे तर फिरकायचंही नाही.

"सहा वर्षं आईला उचलत होते मी," टेपताई म्हणाली. "त्यानेच झालं."

"आई कधी गेल्या?"

"तीन वर्षं झाली."

"आणि दुखायला लागलं सहा-सात महिन्यांपूर्वी. नाही हो, त्याचा याच्याशी संबंध दिसत नाही. हे बऱ्याचदा कारणाशिवायच होतं. पण शुगर असलेल्यांना जास्त होतं. तुमची तपासलीय कधी?"

तपासली नव्हती. तपासली तेव्हा चांगलीच वाढलेली निघाली.

"घरात कुणाला होती?"

"आईला."

"मग भावंडांनाही तपासायला सांगा. ही गुपचूप येते."

"एक भाऊ आहे," ती म्हणाली. "सांगते."

बसथांब्यावर उभी असताना तिला शुगरची भीती वाटली नाही. वाटलं ते वेगळंच. खांद्यातलं दुखणं आईचं आहे, असं ती धरून चालली होती. आईची भांडी तिने देऊन टाकली होती, पलंग विकला होता. एवढं एक दुखणं तेवढं मागे राहिलंय, असं तिला वाटायचं, आणि ते दुखायचं तेव्हाही त्याचा फार राग येत नसे. आता ते कुणाचंच नव्हतं. उगाच आलेलं होतं.

सातला फोन वाजला.

"काय म्हणाले?"

"आखडलाय म्हणाले. वर्ष-दीड वर्ष लागेल. व्यायाम करायचाय."

"कशामुळे झालं म्हणाले?"

तिने मशीनवर पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलला आणि बोटाला गुंडाळला.

"वजन पडून पडून होतं म्हणाले."

पलीकडे त्याने खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग बारीक आवाजात म्हणाला, "ताई, मी यायला हवं होतं गं."

हे ऐकण्यासाठी ती नऊ वर्षं थांबली होती. मनातल्या मनात त्याला कितीदा तरी हे बोलायला लावलं होतं. आणि आता तो खरोखर म्हणाला होता. "असू दे," ती म्हणाली आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

डॉक्टरांनी खांद्यात एक इंजेक्शन दिलं आणि मंगळवारी व शुक्रवारी फिजिओथेरपीला जायला सांगितलं. तिथली बाई तिशीतली होती, बळकट मनगटांची आणि कमी बोलणारी. टेबलावर वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा, भिंतीवर बोटांनी एक-एक पायरी वर चढायचं, पाठीमागे टॉवेल धरून चांगल्या हाताने दुसऱ्याला वर ओढायचं, असे व्यायाम होते. "थोडं ताणल्यासारखं वाटलं तर चालेल. कळ गेली की थांबायचं," असा नियम. शेवटी ती बाई टेपताईला पलंगावर झोपवायची, तिचं कोपर आपल्या तळहातात घ्यायची आणि हात हळूहळू वर न्यायची.

"वजन माझ्यावर सोडा," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"सोडलंय."

"नाही सोडलंत. तुम्हीच धरून ठेवलाय."

टेपताईने पुन्हा प्रयत्न केला. जमेना. दिवसभरात ती किती माणसांच्या खांद्यांना, दंडांना, कमरांना हात लावायची, पण तिला कुणी हात लावून किती वर्षं झाली होती, ते तिला आठवेना. तिसऱ्या आठवड्यात एकदा, छताच्या पंख्याकडे बघता बघता, तिचा हात आपोआप सैल पडला. "हां, असा," बाई म्हणाली. टेपताईने डोळे मिटून घेतले, कारण ते भरून आले होते आणि ते दुखण्यामुळे नव्हतं.

घरी तिने भिंतीवर पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली. बोटं कुठपर्यंत चढली ते टिल्लूला रोज सांगायची. "आज अर्धा इंच." "शाब्बास," तो म्हणायचा. तो आता तिच्याशी फार जपून बोलायचा. एकदा म्हणाला, पुढच्या वर्षी मुलगी शिकायला बाहेर गेली की तू इकडे ये राहायला, तिची खोली रिकामीच असेल. शुगरचं सांगायचं म्हणून ती रोज सहालाच मनाशी वाक्य जुळवायची. पण शुगरचं सांगितलं तर तो विचारणार, कशी कळली? खांद्यामुळे. मग खांदा शुगरमुळे? मग आई? शिवण एकदा उसवायला लागली की मध्येच कुठे थांबता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? उद्या सांगू, असं करता करता सात आठवडे गेले.

मग एका संध्याकाळी बोलता बोलता टिल्लू म्हणाला, "नव्या बुटाने वैताग आणलाय. अंगठ्याला चावलाय, तीन आठवडे झाले, भरतच नाही. आणि हल्ली तहान किती लागते."

टेपताई खुर्चीवर बसली. आईचंही आजारपण अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं.

"काय गं, आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. त्या वेळीही तिने सांगितलं नाही. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, एका पँटची तुरपाई अर्धी केली, सुई टोचून कापड बाजूला ठेवलं आणि टिल्लूच्या ऑफिसात फोन लावला. ऑफिसात तिने आजवर कधी फोन केला नव्हता.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"काही नाही. तू उद्या सकाळी उपाशीपोटी जाऊन शुगर तपासून घे. अंगठा दाखव. उद्याच. टाळू नकोस."

"का? काय झालंय?"

"मला आहे शुगर. आईला होतीच. खांदा त्यानेच धरलाय बहुतेक. आईला उचलण्याशी त्याचा संबंध नाही, डॉक्टर म्हणाले."

मागे ऑफिसातला कसला तरी खडखडणारा प्रिंटर चालू होता.

"हे कधी म्हणाले?"

"पहिल्याच दिवशी."

"म्हणजे दोन महिने झाले."

"हो."

"आणि मी रोज फोन करतोय." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी बायकोसमोर रडलोय ताई. आईचं मी काही केलं नाही आणि तुलाही पांगळं केलं म्हणून."

"चुकलं माझं."

"का केलंस असं?"

खरं उत्तर एवढंच होतं, की तू रोज फोन करायचास.

"उद्या जाशील ना तपासायला?" तिने विचारलं.

"ठेवतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी सवयीने तिने पावणेसातला दार लावलं. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रविवारी अकराला नाही. तिने दोनदा लावून पाहिला, त्याने उचलला नाही. नऊ दिवसांनी भावजयीचा फोन आला.

"ताई, शुगर फार निघाली त्यांची. अंगठ्यात पू झाला होता. आणखी उशीर केला असता तर अवघड होतं म्हणाले. आता गोळ्या चालू आहेत, रोज ड्रेसिंग करतो."

"भरतोय का?"

"भरतोय." मग ती म्हणाली, "ते बोलायला तयार नाहीत. मी म्हटलं, राहू द्या थोडे दिवस. पण सांगितलंत ते बरं केलंत."

टेपताई पुन्हा आठ वाजेपर्यंत दुकान उघडं ठेवायला लागली. सात ते आठ फारसं कुणी येत नसे. त्या वेळात ती व्यायाम करायची. बोटं भिंतीवर चढायची, ती खूण करायची, आणि कुणाला सांगायचं नसल्यामुळे पुढे पुढे खूण करणंही तिने सोडून दिलं. हात मात्र सुटत होता. खांद्याला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. चौथ्या महिन्यात बोटं डोक्याला लागली. एक दिवस फळीवरचा डबा तिने नकळत उजव्या हाताने काढला आणि खाली ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं.

"आता यायची गरज नाही," फिजिओथेरपीवाली बाई एका मंगळवारी म्हणाली. "मागे थोडा अडतोय, तो घरच्या व्यायामाने सुटेल."

"शुक्रवारी येऊ का एकदा?"

"काही त्रास होतोय?"

"नाही. असंच. नीट होतंय का बघायला."

बाईने तिच्याकडे पाहिलं. "शुक्रवारी सगळ्या वेळा गेल्यात हो," ती म्हणाली. तिच्या आवाजात वाईट वाटल्याचं कळत होतं. "दुखलं तर मात्र लगेच या."

"हो हो, चालेल," टेपताई घाईने म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, रविवारी अकराला, फोन वाजला.

"शुगर किती आली तुझी?" टिल्लूने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"उपाशीपोटी एकशे तीस. तुझी?"

"एकशे अठ्ठेचाळीस."

"अंगठा?"

"भरला. नख गेलं."

"येईल परत."

"हात?"

"वर जातो. मागे अजून जरा अडतो."

"हं." ती "चल, ठेवते" म्हणणार इतक्यात तो म्हणाला, "त्या दिवशी मी म्हटलं ना, यायला हवं होतं. ते काही तुझ्या खांद्यासाठी नव्हतं म्हटलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

"नाही, तुला वाटलं असेल म्हणून सांगितलं."

"बरं."

"राग गेला नाहीये माझा."

"बरं," ती पुन्हा म्हणाली.

त्यानंतर तो दर रविवारी फोन करत राहिला. रोज नाही. रिकाम्या खोलीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही आणि तिनेही काढला नाही. दोघं एकमेकांना आकडे सांगायचे, कुणाचा जास्त आला तर दुसरा ओरडायचा. कधी त्यातून नव्या साहेबाची गोष्ट निघायची, कधी नाही.

डॉक्टरांनी तिला शुगरसाठी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं होतं. त्याचा फोन पुन्हा आला त्या पहिल्या रविवारी, फोन ठेवल्यावर ती बाहेर पडली. दुकानांच्या रांगेपासून पुढे, शाळेच्या कुंपणाशेजारून, जिथे वस्ती संपून मोकळं मैदान लागतं तिथवर गेली. मैदानात काही बायका झपझप चालत होत्या, जोडीजोडीने, बोलत बोलत. टेपताई त्यांच्या मागून एकटीच चालत राहिली. चालताना दोन्ही हात सारखे हलतायत की नाही, ते तिने दोन-तीनदा मान वळवून पाहिलं. सारखे हलत होते. मैदानाला तीन फेऱ्या मारून झाल्यावर ती घरी परतली.